आयएसआरसी कोड कुणाचा: गाण्याचा, अल्बमचा की ध्वनिमुद्रणाचा?

प्रश्न: आमच्या गटाची नऊ गाणी तयार आहेत. त्यातलं एक दोन वर्षांपूर्वी सिंगल म्हणून येऊन गेलं. दुसऱ्या एका गाण्याची गायनाविना, नुसत्या वाद्यांची आवृत्तीही अल्बमच्या शेवटी टाकायची आहे. मास्टरिंग करणारे (मिक्स झालेल्या ध्वनीवर शेवटचा हात फिरवणारे) म्हणतात, 'आयएसआरसी पाठवा, मग अंतिम फायली देतो.' गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढवणारा वितरक म्हणतो, 'आम्ही आपोआप देतो, तुम्ही काळजी करू नका.' शिवाय हा वितरक बदलावा असं आमच्या मनात आहे. कोड आम्ही स्वतः घ्यावेत का? जुन्या सिंगलला नवा कोड लागेल का? आणि कोड मिळाला म्हणजे गाण्याचे हक्क नोंदले गेले, असं समजायचं का?

उत्तर:

आयएसआरसी म्हणजे एकेक ध्वनिमुद्रण ओळखण्यासाठी त्याला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो गैरसमज सगळ्यात महागात पडतो. नाही. कोडामुळे हक्क मिळत नाही, नोंदला जात नाही आणि सिद्धही होत नाही. गाडीच्या नंबरावरून मालक सापडतो तो कुठल्या तरी वहीत त्या नंबरापुढे नाव लिहिलेलं असतं म्हणून. नंबर स्वतः काही सांगत नाही. आयएसआरसीचंही तसंच आहे. उद्या तुम्ही तुमचं ध्वनिमुद्रण कुणाला विकलंत, तरी कोड तोच राहतो.

बाकीच्यांची उत्तरं थोडक्यात अशी: सिंगलला जुनाच कोड. वाद्यांच्या आवृत्तीला नवा. कोड स्वतः घेतलेत काय किंवा वितरकाकडून घेतलेत काय, कोड म्हणून दोन्हींची किंमत सारखीच. फक्त गाणं बाहेर पडण्याआधी ते तुमच्या स्वतःच्या वहीत उतरलेले हवेत. घाईत असाल तर इथे थांबलात तरी चालेल. पण गेली वीसेक वर्षं मी मास्टरिंग आणि कॅटलॉग सांभाळण्याचं काम करतोय, आणि घोडं पेंड खातं ते नेमकं या 'फक्त'पाशी. म्हणून पुढचं लांबण.

आपण बोलताना 'गाणं' हा एकच शब्द तीन निराळ्या वस्तूंसाठी वापरतो. पहिली वस्तू म्हणजे रचना: शब्द आणि चाल. ती कागदावर असू शकते, नुसती डोक्यातही असू शकते. दुसरी वस्तू म्हणजे ध्वनिमुद्रण: त्या रचनेचं अमुक गायकांनी, अमुक वादकांनी केलेलं आणि अमुक तऱ्हेने मिक्स झालेलं एक ठरावीक सादरीकरण. तिसरी वस्तू म्हणजे बाजारात येणारा माल: सिंगल, अल्बम, संकलन, सीडी. एकच चाल चार जणांनी गायली तर रचना एक, ध्वनिमुद्रणं चार. त्यातलं एक ध्वनिमुद्रण सिंगल म्हणून आलं, मग अल्बममध्ये आलं, पाच वर्षांनी एखाद्या संकलनात आलं, तर माल तीन, ध्वनिमुद्रण मात्र एकच.

या तिन्हींना वेगवेगळे क्रमांक आहेत. रचनेला आयएसडब्ल्यूसी, ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी, आणि मालाला बारकोडाखाली दिसणारा यूपीसी किंवा ईएएन, अनुक्रमे बारा आणि तेरा अंकी. माणसांचे क्रमांक आणखी निराळे: गीतकार-संगीतकारांना त्यांच्या हक्कांच्या संस्थेकडून आयपीआय मिळतो, आणि कलाकार, लेखक, गट अशा कुणालाही सोळा चिन्हांचा आयएसएनआय असू शकतो. ही सगळी जत्रा आज पाठ करायची गरज नाही. तीन वस्तू तेवढ्या वेगळ्या ठेवा. पुढे अडलात तर स्वतःला एवढंच विचारा, 'मी आत्ता नक्की कशाला नंबर देतोय?' निम्मे घोळ तिथेच सुटतात.

आता आयएसआरसीची घडण. बारा चिन्हं असतात, आणि वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये आडव्या रेघा देतात. उदाहरणादाखल एक कोड घेऊ: एए-६क्यू७-२०-०००४७. (इथे मी तो देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्षात कोड फक्त रोमन मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायचा, आणि रेघा हा कोडाचा भाग नसल्यामुळे संगणकात भरताना त्या गाळायच्या. 'एए' ही जोडी कुठल्याच देशाला दिलेली नाही, म्हणून उदाहरणाला सोयीची.) पहिली पाच चिन्हं मिळून उपसर्ग होतो. तो कोड देणाऱ्याला नेमून दिलेला असतो. पुढचे दोन अंक वर्षाचे. शेवटचे पाच अंक तुमचा अनुक्रमांक, ००००० ते ९९९९९. म्हणजे एका उपसर्गाखाली वर्षाला एक लाख कोड निघतात, आणि पुढच्या वर्षी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते.

हे प्रमाण आयएसओ ३९०१ या क्रमांकाखाली १९८६ साली आलं. २००१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली, २०१९ मध्ये तिसरी. जगभराचा कारभार लंडनची आयएफपीआय, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, पाहते, आणि देशोदेशी तिने नेमलेल्या संस्था उपसर्ग वाटतात. ब्रिटनमध्ये हे काम पीपीएल ही ध्वनिमुद्रणांच्या हक्कांची संस्था करते.

या बारा चिन्हांतून लोक नको तेवढा अर्थ काढतात. 'पहिली दोन अक्षरं म्हणजे गाण्याचा देश' हा त्यातला पहिला. पूर्वी ती अक्षरं उपसर्ग घेणाऱ्याचा देश दाखवायची. तेव्हाही ती गायकाचा किंवा स्टुडिओचा देश दाखवत नव्हती. पुढे अमेरिकेत उपसर्ग पुरेनात, म्हणून 'यूएस'च्या जोडीला 'क्यूएम' आणि 'क्यूझेड' आले. या नावांचा कुठलाही देश नकाशावर नाही. २०१९ च्या आवृत्तीपासून पाचही चिन्हं मिळून एकच उपसर्ग धरतात, त्यात देश शोधायचा नाही. आपल्या गाण्याला 'क्यूझेड'ने सुरू होणारा कोड लागला म्हणून 'आमचं गाणं परदेशी ठरलं का' असं काकुळतीला येऊन विचारणारे मला दरवर्षी भेटतात. नाही ठरलं.

दुसरा गैरसमज वर्षाचा. ते दोन अंक कोड दिला ते वर्ष सांगतात, ध्वनिमुद्रण झालं ते नाही. १९७८ साली टेपवर मुद्रित झालेल्या गाण्याला २०२४ मध्ये पहिल्यांदा कोड दिला तर तिथे २४ येणार. त्यामुळे कोड पाहून ध्वनिमुद्रणाचा काळ ठरवू नका. तो लिहायला वेगळे रकाने असतात.

तिसरी गोष्ट गैरसमजाची नाही, उणिवेची आहे. आयएसआरसीत तपासणीचा अंक नाही. बारकोडात असतो, आयएसडब्ल्यूसीतही असतो. आयएसडब्ल्यूसीचा हिशेब मला आवडतो, म्हणून थोडं आडवाटेला जातो. 'टी' हे अक्षर, मग नऊ अंक, मग तपासणीचा एक अंक. नऊ अंकांतल्या पहिल्याला एकने गुणायचं, दुसऱ्याला दोनने, असं करत नवव्याला नऊने. सगळ्यांची बेरीज करायची, त्यात 'टी'चा म्हणून एक मिळवायचा, आणि बेरीज पुढच्या दहाच्या पटीला पोचायला जेवढे कमी पडतात तो शेवटचा अंक. टी-०००.०००.००१ घ्या: नवव्या जागी १, म्हणून नऊ, अधिक एक, झाले दहा. कमी काहीच पडत नाही, म्हणून शेवटी शून्य. एखादा अंक चुकला की बहुतेक वेळा हिशेब जुळत नाही, आणि संगणक लगेच ओरडतो. आयएसआरसीत असा ओरडणारा कुणी नाही. सत्तेचाळीसच्या जागी चौऱ्याहत्तर टंकलंत तर तोही अगदी नीटनेटका, ग्राह्य कोड दिसतो. तो तुमच्याच दुसऱ्या गाण्याचा असू शकतो. म्हणून माझा एक कडक नियम आहे: कोड हाताने टंकायचा नाही, नक्कल करून डकवायचा. आणि फोनवर तर कधीच सांगायचा नाही. रोमन 'ओ' आणि शून्य यांनी आजवर जेवढी भांडणं लावली आहेत तेवढी गायकांच्या मानधनानेही लावली नसतील.

आता मुख्य भाग: नवा कोड कधी, जुनाच कधी. नियमपुस्तिकेतली कलमं वाचण्याआधी हे समजून घ्या की कोड ऐकू येणाऱ्या वस्तूचा आहे. ऐकू येणारी वस्तू तीच असेल तर ती कुठेही, कशातही, कुणीही विको, कोड तोच. ती वस्तू जाणूनबुजून वेगळी केली असेल तर कोड वेगळा.

तुमची सिंगल याच कसोटीवर लावा. तेच मिक्स, तेच मास्टर अल्बममध्ये जातंय, तर जुना कोड जसाच्या तसा. मुखपृष्ठ बदललं, अल्बमातला क्रम बदलला, लेबलचं नाव बदललं, तरी फरक नाही. डब्ल्यूएव्हीची एमपीथ्री केली, बिटरेट कमी केला, तरीही तोच. याउलट तुमच्या वाद्यांच्या आवृत्तीत गाणारा आवाजच नाही, तेव्हा ती वेगळी वस्तू. रेडिओसाठी कापलेली छोटी आवृत्ती, शिवी झाकलेली आवृत्ती, रीमिक्स, मैफलीतलं मुद्रण, दुसऱ्या भाषेत गायलेलं तेच गाणं, डॉल्बी अॅटमॉस या चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या ध्वनीसाठी केलेलं वेगळं मिक्स, रिंगटोनसाठी काढलेला तुकडा: प्रत्येकाला स्वतंत्र कोड. गाण्याच्या व्हिडिओलाही आपला वेगळा आयएसआरसी लागतो. ध्वनीचा कोड व्हिडिओला चिकटवणं ही नेहमीची चूक आहे. दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर केलंत तर तुमच्या ध्वनिमुद्रणाला नवा आयएसआरसी, पण रचनेचा आयएसडब्ल्यूसी मूळचाच. इथे नवशिके उलटं करतात. मूळ गायकाच्या ध्वनिमुद्रणाचा कोड शोधून स्वतःच्या कव्हरला लावतात आणि मग आपल्या फायलीवर दुसऱ्याचं नाव का दिसतं म्हणून हैराण होतात.

खरी डोकेदुखी रीमास्टरची. जुन्या मास्टरवर नव्याने काम केलं, आवाजाचा पोत बदलला, खरखर काढून ध्वनीत जीव आणला, तर ते नवं ध्वनिमुद्रण मानून नवा कोड द्यायचा. नुसतं एका माध्यमातून दुसऱ्यात नेताना पातळी जुळवली, तर जुनाच चालतो. या दोन टोकांच्या मधे मोठं धूसर रान आहे, आणि तिथे मी स्वतःला विचारतो: या दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी विकायला ठेवल्या तर ऐकणाऱ्याला त्या निवडीत अर्थ वाटेल का? वाटणार असेल, तर नवा कोड. शीर्षकापुढे तुम्ही 'रीमास्टर' असं लिहिणार असाल, तर वेगळेपण तुम्हीच कबूल केलंत, मग कोडाला जुना म्हणून कसं चालेल?

प्रकाशनानंतर दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की एका जागी 'टिक्' असा आवाज राहिलाय, तो काढून फाइल बदलली, तर? मी कोड बदलत नाही. ती चूक दुरुस्त करणं झालं, नवी आवृत्ती काढणं नव्हे. पण त्या निमित्ताने कुणी शेवटचं कडवंही गाळलं, तर तो वेगळा मामला.

दोन गाणी सलग जोडून एकच ट्रॅक केला असेल तर त्या ट्रॅकला एक कोड. अल्बमच्या सुरुवातीला चाळीस सेकंदांचं नुसतं बोलणं असेल आणि तो स्वतंत्र ट्रॅक असेल, तर त्यालाही कोड लागतो. त्यात संगीत नाही म्हणून सुटका नाही.

आणि एक पक्कं: वापरलेला कोड परत वापरायचा नाही. गाणं रद्द झालं, कधी बाहेर पडलंच नाही, तरी तो क्रमांक त्याच्याबरोबर गेला. पाच अंकी अनुक्रमात एखादं भोक राहिलं तर काही बिघडत नाही.

मास्टरिंगवाले कोड का मागतात, हा प्रश्न तुम्ही सरळ विचारला नाहीत, पण त्यामागचा वैताग मला ऐकू आला. सीडीच्या काळात याचं कारण अगदी भौतिक होतं. सीडीवर ध्वनीच्या बाजूने उपसंकेतांची एक बारीक धारा वाहते. सेकंदाला ७५ फ्रेम, आणि त्यांतल्या 'क्यू' नावाच्या वाहिनीत मधूनमधून आयएसआरसी येतो. तिथे पहिल्या पाच चिन्हांना प्रत्येकी सहा बिट दिलेत आणि उरलेल्या सात अंकांना चार-चार. चार बिटांच्या त्या घरात अक्षर मावत नाही, अंकच मावतो. मास्टरिंग करणारा कारखान्यासाठी डीडीपी नावाची फाइल बनवतो तेव्हा हे कोड तिच्यात बसवावे लागतात. एकदा साचा निघाला की बदल नाही. म्हणून तो आधी मागतो, आणि बरोबर मागतो.

(इथे लोकांची एक हमखास तक्रार असते: 'कोड टाकले, तरी गाडीच्या पडद्यावर गाण्याचं नाव दिसत नाही.' ते काम आयएसआरसीचं नाहीच. सीडीवरचं नाव एकतर सीडी-टेक्स्टमधून येतं, नाहीतर ट्रॅकच्या लांबीवरून ऑनलाइन यादीत शोधून.)

डिजिटल फायलींचं प्रकरण जरा हवेतलं आहे. एमपीथ्रीच्या टॅगमध्ये, म्हणजे फायलीतच लिहून ठेवलेल्या माहितीत, आयएसआरसीसाठी टीएसआरसी नावाची जागा आहे. डब्ल्यूएव्हीच्या प्रसारणासाठीच्या प्रकारात तो ठेवण्याची शिफारस युरोपीय प्रसारण संघाने केलेली आहे. फ्लॅक या प्रकारच्या ध्वनिफायलीतही टॅग लिहिता येतो. हे सगळं करून ठेवावं, मीही करतो. पण स्ट्रीमिंग सेवा फाइल उघडून टॅग वाचत बसतील यावर विसंबू नका. त्यांच्याकडे कोड जातो तो वितरकाच्या अर्जात तुम्ही जो भरता, किंवा जो तो स्वतः भरतो, तोच. पुढे ती माहिती डीडीईएक्स नावाच्या ठरावीक नमुन्यातल्या संदेशातून सरकते. ध्वनी वेगळा जातो, माहिती वेगळी. शिवाय आयएसआरसी आवाजात मिसळलेला नसतो. स्पीकरमधून वाजलेलं गाणं कुणी पुन्हा मुद्रित केलं तर कोड मागेच राहतो. रेडिओवर किंवा व्हिडिओच्या पार्श्वभूमीला वाजणारं गाणं ओळखतात ते ध्वनीच्या ठशावरून, आणि ठसा जुळला की यादीत त्याच्यापुढे जो आयएसआरसी लिहिलेला असेल तो उचलतात.

हे वेगळेपण कळलं की सगळ्यात जास्त दिसणारा घोळ आपोआप समजतो. मास्टरिंगवाल्याने आपल्या उपसर्गातून कोड बसवले, वितरकाने 'आपोआप' दुसरे दिले, आणि कुणीच कुणाला सांगितलं नाही. सीडीवर एक, स्ट्रीमिंगवर दुसरा. एका ध्वनिमुद्रणाला दोन नावं. म्हणून तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आधी कोड ठरवा, मग ते मास्टरिंगला द्या, आणि वितरकाच्या अर्जात 'माझ्याकडे कोड आहेत' हा पर्याय निवडून तेच भरा. वितरकाचेच वापरायचे असतील, तर अर्ज अर्धा भरून कोड दिसतात का ते पाहा. काही ठिकाणी ते सादर केल्यावरच दिसतात. मग मास्टरिंगवाल्याला थांबायला सांगा. चार दिवस जातील, पण पुढची चार वर्षं वाचतील.

आता वितरक बदलणं. पुष्कळांना वाटतं की वितरकाने दिलेला कोड वितरकाचाच, त्याला सोडलं की कोडही सोडावा लागतो. तसं नाही. उपसर्ग त्याचा असला तरी कोड एकदा ध्वनिमुद्रणाला लागला की कायमचा लागला. तुम्ही तो नव्या वितरकाकडे नेऊ शकता, किंबहुना न्यायलाच हवा. स्ट्रीमिंग सेवा जुन्या आणि नव्या नोंदी एकच आहेत हे ओळखतात ते मुख्यतः आयएसआरसी, ध्वनी आणि शीर्षक-कलाकार जुळल्यावर. जुळलं तर ऐकल्याची संख्या आणि प्लेलिस्टमधल्या जागा सहसा टिकतात. नवा कोड दिलात तर तुमचं दोन वर्षांचं सिंगल शून्यापासून सुरू होणार.

म्हणून जुन्या वितरकाकडून आधी सगळ्या कोडांची यादी उतरवून घ्या. खातं बंद झाल्यावर मागत फिरणं फार जिकिरीचं. मग नव्याकडे तीच ध्वनिफाइल, तोच कोड, तेच शीर्षक, कलाकाराच्या नावाचं तेच अक्षरलेखन. शीर्षकात एक रिकामी जागा जास्त पडली तरी मी अस्वस्थ होतो. नवी नोंद सगळीकडे दिसू लागली, की मगच जुनी काढायला सांगा. आधी काढून मग चढवणारे हमखास रडतात. मालाचा बारकोड मात्र जुन्या वितरकाच्या मालकीचा असू शकतो. तो नेता येतो का हे दोघांना विचारून घ्या. नाही नेता आला, तरी आयएसआरसी जपला असेल तर फारसं काही हरवत नाही.

पैशाचं थोडं बोलतो, कारण 'कोड नसला तर काय बिघडतं' याचं उत्तर तिथे आहे. एका ध्वनिमुद्रणातून निदान दोन प्रवाह निघतात: एक ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा आणि कलाकारांचा, दुसरा गीतकार-संगीतकारांचा. पहिला आयएसआरसीवर चालतो, दुसरा आयएसडब्ल्यूसीवर. पण सेवेकडून येणाऱ्या अहवालात असतो तो आयएसआरसी, कारण वाजलं ते ध्वनिमुद्रण. अमुक आयएसआरसीत तमुक आयएसडब्ल्यूसीची रचना आहे, ही गाठ कुणीतरी बांधावी लागते. ती आपोआप बांधली जात नाही. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानंतर या कामासाठी एमएलसी नावाची संस्था उभी राहिली. २०२१ च्या फेब्रुवारीत स्ट्रीमिंग सेवांनी तोवरची, कुणाची हे न जुळलेली रॉयल्टी तिच्याकडे सोपवली. ती सुमारे ४२.४ कोटी डॉलर होती. त्या ढिगामागे कोडांचा अभाव हे एकच कारण नव्हतं, पण रचना आणि ध्वनिमुद्रण यांच्यातली सुटलेली गाठ हे मोठं कारण नक्कीच होतं. तुमच्या गीतकाराने आपल्या संस्थेत रचना नोंदवताना त्या अर्जात तुमच्या ध्वनिमुद्रणांचे आयएसआरसीही लिहावेत. दहा मिनिटांचं काम आहे आणि दहापैकी नऊ जण करत नाहीत. वाजवणाऱ्यांनीही कलाकारांच्या हक्कांची संस्था असेल तिथे आपण कुठल्या ट्रॅकवर काय वाजवलं हे कोडासकट नोंदवावं.

आता वही. मी वही म्हणतो, पण ती तक्ता असली तरी चालते. ट्रॅक, आवृत्ती, आयएसआरसी, लांबी मिनिट-सेकंदांत, मास्टर फाइलचं नेमकं नाव, कोड दिल्याची तारीख, कुठे कुठे बाहेर पडलं, रचनेचा आयएसडब्ल्यूसी आला असेल तर तो. लांबीचा रकाना लोक टाळतात. दोन आवृत्त्या ओळखायला तोच रकाना सगळ्यात आधी कामाला येतो. रकाने 'मजकूर' या प्रकारचे करून ठेवा. नाहीतर तक्त्याचा प्रोग्रॅम ०००४७ चे मुकाट्याने ४७ करतो, आणि बारकोडाचं तर घातांकातलं गणितच करून टाकतो.

माझ्या स्वतःच्या फजितीची गोष्ट तक्त्याचीच आहे. बारा ट्रॅकच्या एका अल्बमचे कोड मी कोपरा धरून खाली ओढले. सहाव्या ओळीनंतर, मधे एक रिकामी ओळ होती म्हणून, पुन्हा ओढले, आणि सातव्या ओळीत सहाव्याचाच कोड बसला. सहावं होतं गायलेलं गाणं, सातवं त्याचंच करावके. एका सेवेने कोड एकच पाहून दोन्ही नोंदी एक मानल्या, आणि चाहत्यांनी जतन केलेल्या गाण्यातून गायिकेचा आवाज नाहीसा झाला. गायिकेचा फोन मला आला तेव्हा मी आधी सेवेलाच बोल लावला. मग तक्ता उघडला. दुरुस्तीला तीन आठवडे लागले, आणि गायिकेने नंतर बराच काळ माझी चौकशी 'हो का, आवाज येतोय ना माझा?' अशीच केली. तेव्हापासून पाठवण्याआधी दुहेरी कोड शोधणारं एक सूत्र तक्त्यात कायमचं बसलेलं आहे.

स्वतःचा उपसर्ग घ्यावा का? नऊ गाणी, एक वितरक, आणि पुढे फारसं काही ठरलेलं नाही, असं असेल तर वितरकाचे कोड घ्या आणि उतरवून ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. उपसर्ग घेणं म्हणजे जबाबदारी घेणं. कुठला क्रमांक कुणाला दिला याचा हिशेब कायम तुमच्याच गळ्यात. दरवर्षी काही ना काही काढणार असाल, सीडी किंवा रेकॉर्डही काढणार असाल, दोनतीन वितरकांशी किंवा चित्रपटवाल्यांशी व्यवहार होणार असेल, तर मात्र आपल्या देशातल्या संस्थेकडून तो घ्यावा. देशात तशी संस्था नसेल तर आयएफपीआयकडे थेट विचारता येतं. घेतलात तरी जुन्या सिंगलला त्यातून नवा कोड देण्याचा मोह आवरा. सगळे कोड एका रांगेत छान दिसतात हे खरं, पण छान दिसणं हे त्यांचं काम नाही. दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणांनाही आपल्या उपसर्गातून कोड वाटायचे असतील, तर आयएसआरसी मॅनेजर म्हणून वेगळी परवानगी लागते. शेजारच्या गटाला 'घे रे आमच्यातले दोन' असं करायचं नाही.

जुन्या सिंगलचा कोड तुमच्याकडे लिहिलेला नसेलच, असं मी धरून चालतो. आयएफपीआयने सर्वांसाठी खुला ठेवलेला आयएसआरसीचा शोध आहे. तिथे कलाकाराचं नाव किंवा शीर्षक टाका. तुमच्या नावाच्या रोमन अक्षरलेखनाचे दोनतीन प्रकार करून पाहा, कारण भरणाऱ्याने काय भरलं असेल याचा नेम नाही. एकाच गाण्याला दोन कोड निघाले तर घाबरू नका. लांबी पाहा, प्रकाशनाचं वर्ष पाहा, वितरकाच्या पावतीतल्या कोडाशी ताडून पाहा. दोन्ही खरोखर त्याच ध्वनिमुद्रणाचे असतील, तर आधी दिला गेलेला पुढे चालवा आणि दुसरा वहीत त्याच्या शेजारी 'हाही याचाच' असं लिहून ठेवा. त्याच्या नावावर आलेली रॉयल्टीही तुमचीच आहे, आणि ती मागताना तो क्रमांक लागणार आहे.